विमान उतरताना पंखाचे तुकडे का हलतात? आईचा प्रश्न आणि माझेही

खिडकीजवळची

गेल्या महिन्यात आईला नागपूरहून मुंबईला घेऊन आले. आई बहात्तर वर्षांची, विमानात बसण्याची तिची पहिलीच वेळ. ए३२० विमान, बावीसावी रांग, डावीकडची खिडकी. पंख थोडा पुढे, त्यामुळे त्याची मागची कड अगदी डोळ्यांसमोर होती.

मी आजवर पन्नासेक वेळा तरी विमानाने गेले असेन, पण पंखाकडे असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. या वेळी प्रत्येक हालचालीला आई माझा हात घट्ट धरत होती, म्हणून मीही पाहत गेले. टेकऑफच्या आधी पोटातून घुर्र असा आवाज आला आणि पंखाची मागची कड थोडी बाहेर सरकून खाली वाकली. वर गेल्यावर ती परत आत गेली. मुंबई जवळ आल्यावर पुन्हा तोच आवाज, थांबून थांबून. या वेळी मात्र तो भाग इतका बाहेर आला की मधे फट दिसायला लागली. खाली घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या, आणि आई मला विचारतेय, "अगं, पंख उसवतोय का?"

चाकं टेकली त्याच क्षणी पंखावरच्या पाच फळ्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. खालची पोकळी उघडी पडली, आत नळ्या आणि चकचकीत दांडे. आईने डोळेच मिटून घेतले.

घरी आल्यावर तिला समजावून सांगायला बसले तेव्हा कळलं की मलाच धड माहीत नाही. तिचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांनी आहे. त्याआधी तिला नीट सांगायचंय. हे भाग कोणते, ते थांबून थांबून का उघडतात, आणि ज्या पंखावर विमान तोलून धरलंय त्याच्यावरच शेवटी त्या फळ्या का उभ्या करतात? जाणकारांनी कृपया साध्या भाषेत लिहावं.

पाना-पक्कड

ताई, आईंचा प्रश्न रास्त आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पंख खरंच उसवल्यासारखा दिसतो. मी सत्तावीस वर्षं विमानांच्या देखभालीत आहे आणि त्यातली बरीचशी याच जातीच्या पंखाखाली काढली आहेत.

मागे सरकून वाकतात ते फ्लॅप. पंखाच्या पुढच्या कडेलाही असेच सरकणारे भाग असतात, ते स्लॅट. तुम्ही मागे बसल्यामुळे ते दिसले नाहीत. ए३२० च्या एका पंखाला पाच स्लॅट, दोन फ्लॅप. ताठ उभ्या राहिल्या त्या पाच फळ्या म्हणजे स्पॉयलर. टोकाकडचा, सारखा वरखाली होणारा तुकडा एलेरॉन, तो विमानाला डावी-उजवीकडे कलवतो. फ्लॅप उघडले की दोन्हीकडचे एलेरॉनही पाचेक अंश खाली झुकतात, म्हणजे थोडंफार फ्लॅपचंच काम करतात. पुढच्या वेळी बघा, सहज लक्षात येईल.

आता थांबून थांबून का. कॉकपिटमध्ये फ्लॅपचा दांडा असतो, त्याला पाच खाचा: ०, १, २, ३ आणि फुल. टेकऑफला बहुतेक वेळा १ किंवा २ ची खाच, म्हणजे फ्लॅप १० किंवा १५ अंश. उतरताना ३ किंवा फुल. फुल म्हणजे मॉडेलप्रमाणे ३५ ते ४० अंश. प्रत्येक खाचेचा कमाल वेग ठरलेला असतो, फुलचा १७७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३२८ किलोमीटर. त्याच्या वर उघडले तर हवेचा मार फ्लॅपला आणि त्याच्या रुळांना सोसवणार नाही. म्हणून वेग उतरेल तशी एकेक खाच.

तो घुर्र आवाज ज्या मोटरींचा, त्या चाकांच्या कप्प्यात असतात. दोन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, मोटरी मिळून एकच दांडा फिरवतात आणि तो दोन्ही पंखांत शेवटपर्यंत गेलेला असतो. त्यामुळे डावा-उजवा फ्लॅप बरोबरच हलतात. दांडा कुठे तुटलाच आणि दोन बाजूंत फरक पडू लागला, तर पंखाच्या टोकाकडचे ब्रेक तो जागच्या जागी धरून ठेवतात. फ्लॅप मग आहेत तिथेच राहतात, पण दोन्हीकडे सारखे राहतात. आईंना हे आवर्जून सांगा.

आणखी एक. हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, फ्लॅप किंवा स्पॉयलर चालवून बघायचे असतील तर बाहेर एक माणूस हेडसेट लावून उभा असतो. पंखाच्या चारही बाजू बघून त्याने "क्लिअर" म्हटल्याशिवाय आतला माणूस दांड्याला हात लावत नाही. त्या तेलाच्या नळ्यांत ३००० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) दाब असतो, मधे हात आला म्हणून तो थांबत नाही. स्पॉयलरखाली काम करताना आधी त्याला उचलणाऱ्या दांड्यावर लाल पट्टीचं सुरक्षा-कुलूप लागतं. मी नवीन असताना माझ्या वरिष्ठांनी उभ्या स्पॉयलरखाली लाकडाची एक पट्टी धरली आणि वरून तो बंद करायला सांगितला. पट्टीचे दोन तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "कुलूप लावल्याशिवाय हात घालशील तर हे आठव." ते तुकडे माझ्या टूलबॉक्समध्ये अजून आहेत.

शेवगा

वाचनखूण साठवली. काका, लिहीत राहा.

रानवाटा

सुंदर धागा. विमानांतलं मला फार कळत नाही, मी पक्षी बघतो. पण पाना-पक्कड यांनी स्लॅटबद्दल लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

पारवा बाल्कनीच्या कठड्यावर उतरतो तेव्हा नीट पाहा. पंख जवळजवळ उभे करतो, शेपटी पसरतो, आणि पंखाच्या पुढच्या कडेला, आपला अंगठा असेल त्या जागी, काही छोटी पिसं वेगळी वर उचलतो. हे एरवी दिसतच नाही, फक्त वेग अगदी कमी झाला की दिसतं. त्या पिसांच्या फटीतून गेलेली हवा पंखाच्या पाठीला चिकटून राहते, म्हणून इतक्या हळू वेगातही तो धप्पकन पडत नाही. घारीचा उतरतानाचा फोटो काढलात तर हीच पिसं स्पष्ट दिसतात. स्लॅटचं काम तेच ना?

पाना-पक्कड

@रानवाटा, अगदी तेच. वेग कमी म्हणजे पंख जास्त तिरका धरावा लागतो, आणि फार तिरका झाला की वरून वाहणारी हवा पाठ सोडून देते. त्यालाच स्टॉल म्हणतात. फटीतून खालची जोरकस हवा वर घेतली की ती पाठीवरच्या मंदावलेल्या हवेला रेटा देते. फ्लॅपच्या पुढची जी फट ताईंना दिसली, ती म्हणूनच मुद्दाम ठेवलेली असते. ती बुजली तर फ्लॅपचं बरंचसं काम जाईल. मागे सरकून क्षेत्रफळ वाढवणारा आणि वर फटही ठेवणारा हा प्रकार अमेरिकेत हार्लन फाउलर यांनी १९२४ मध्ये काढला. आजच्या जवळपास सगळ्या प्रवासी विमानांचे फ्लॅप त्याच वळणाचे आहेत.

गणित सांगायचं तर पंखाची उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा केला की उचल चौथाईवर येते. विमानाचं वजन मात्र तेवढंच. कमी पडलेली उचल कुठून आणायची? पंख रुंद करून आणि जास्त वाकवून. म्हणून हा सगळा खटाटोप.

कोकणकडा

पावसाळ्यात मुंबईत उतरताना इंजिनाच्या वरून निघून पंखावरून मागे जाणारी पांढरी दोरी दिसते. धूर वाटतो. ते काय असतं?

पाना-पक्कड

धूर नाही, पाण्याची वाफ. इंजिनाच्या कवचावर बाजूला एक पातळ पंखा असतो, माशाच्या परासारखा. त्यातून हवेचा भोवरा निघतो आणि पंखाच्या पाठीवरून जातो. इंजिनाच्या मागे पंखाची हवा विस्कटते, ती हा भोवरा सावरतो. भोवऱ्याच्या मध्यात दाब उतरतो, हवा गार होते आणि जुलैतल्या दमट हवेत तिथे लगेच धुकं धरतं. फ्लॅपच्या कडेलाही तशीच रेघ दिसते. कोरड्या दिवशी भोवरा असतोच, फक्त दिसत नाही.

मध्यरात्र

विषय जड आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे झालं त्यानंतर माझ्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस एकच चर्चा होती, की वैमानिक फ्लॅप लावायला विसरले. त्या विमानात आपल्याकडचीही माणसं होती. मला तेव्हापासून प्रत्येक टेकऑफला पंखाकडे बघायची सवय लागली आहे आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. फ्लॅप विसरणं शक्य असतं का?

डावी सीट

निवृत्त वैमानिक आहे, त्यामुळे याचं उत्तर मीच द्यावं असं वाटलं.

आधी अहमदाबादबद्दल. त्या दुर्घटनेत २६० माणसं गेली. तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. अवशेषांमध्ये फ्लॅपचा दांडा ५ अंशांच्या खाचेत घट्ट बसलेला सापडला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्या विमानाच्या टेकऑफसाठी तीच नेहमीची खाच. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असंही अहवाल म्हणतो. ते का, हे प्राथमिक अहवालाने ठरवलेलं नाही. पण "फ्लॅप विसरले" हे खरं नाही. जी माणसं बोलायला उरली नाहीत त्यांच्यावर हा ठपका ठेवून ते निरोप पुढे ढकलले गेले, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्या ग्रुपवर हे जरूर सांगा.

आता तुमचा प्रश्न. विसरणं शक्य आहे का? हो, आणि त्याची किंमत जगाने मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८७, डेट्रॉइट, एमडी-८२ विमान. टॅक्सी करतानाची, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जातानाची, चेकलिस्ट झाली नाही, फ्लॅप आणि स्लॅट आतच राहिले, आणि चूक ओरडून सांगणाऱ्या यंत्रणेला त्या दिवशी वीजच मिळत नव्हती. १५६ मृत्यू, विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. २० ऑगस्ट २००८, माद्रिद, पुन्हा तीच जात, तीच चूक, पुन्हा इशारा वाजलाच नाही. १५४ गेले.

म्हणूनच आम्हाला चेकलिस्ट तोंडपाठ असली तरी वाचूनच म्हणायला लावतात. ए३२० मध्ये धावपट्टीवर जाण्याआधी एक बटण दाबतात, तेव्हा फ्लॅप, स्पॉयलर, ट्रिम (शेपटीच्या आडव्या पंखाचा ठरवलेला कोन) सगळं टेकऑफच्या स्थितीत आहे की नाही हे विमान स्वतः तपासतं. चुकीच्या स्थितीत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारे दांडे, पुढे केले तर मोठ्याने इशारा देतं. मी बावीस वर्षांत एकदाही ते बटण न दाबता निघालो नाही.

मध्यरात्र

मनापासून धन्यवाद. हे आजच ग्रुपवर टाकते.

घाटमाथा

मग टेकऑफलाही फ्लॅप पूर्ण का उघडत नाहीत? जास्त उचल, लवकर उड्डाण, सोपं नाही का?

डावी सीट

@घाटमाथा, उचलीबरोबर हवेची ओढही वाढते. पहिले १०-१५ अंश बरीच उचल देतात आणि ओढ थोडीच वाढवतात. त्यापुढे हिशेब उलटतो. उतरताना ती ओढ हवीच असते, टेकऑफला ती गळ्यात पडते.

पुण्याचं उदाहरण घ्या. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर, मुंबईची मोठी जवळजवळ साडेतीन. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास वर. एप्रिलच्या दुपारी हवा विरळ, त्यामुळे पंखाची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही कमी. धावपट्टी तोकडी म्हणून जास्त फ्लॅप लावावेत तर चढताना ओढ पाठ सोडत नाही, आणि एक इंजिन ऐनवेळी बंद पडलं तरी विमान ठरलेल्या दराने चढलंच पाहिजे असा नियम आहे. कमी फ्लॅप लावावेत तर चढण चांगली, पण उचलायला वेग जास्त लागतो आणि धावपट्टी संपत येते. प्रत्येक उड्डाणाला त्या दिवसाचं तापमान, वारा, वजन घालून हे गणित नव्याने करावं लागतं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर वजन कमी करावं लागतं, म्हणजे थोडं सामान किंवा काही प्रवासी मागे राहतात. प्रवाशांना याचा राग येतो, आणि तो मी समजू शकतो.

आता ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला आहे, पंखावरच्या फळ्यांचा. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

चाकं टेकली म्हणजे विमान जमिनीवर आलं असं नसतं. त्या वेळी वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, फ्लॅप पूर्ण उघडे असतात, पंख अजून भरपूर उचल देत असतो. म्हणजे वजनाचा मोठा वाटा अजून हवेवरच असतो. चाकांवर वजन नाही तर ब्रेक दाबून उपयोग काय? टायर नुसते घसरतील, ओल्या धावपट्टीवर तर पाण्यावर तरंगतील. स्पॉयलर उभे राहिले की पंखावरची हवा विस्कटते, उचल गळून पडते आणि वजन चाकांवर येतं. मग ब्रेक धरतात. आईंना सांगा, त्या फळ्या उभ्या राहिल्या म्हणजे विमान जमिनीवर बसलं.

म्हणूनच चाकं टेकताच शेजारचा वैमानिक पहिला शब्द "स्पॉयलर्स" म्हणतो. रिव्हर्स (इंजिनाचा उलटा जोर) आणि वेग घटल्याची घोषणा त्यानंतर.

ते उभे राहायला उशीर झाला तर काय होतं? १४ सप्टेंबर १९९३, वॉर्सा. पाऊस, आडवा वारा येईल अशी सूचना मिळालेली, म्हणून वैमानिकांनी ए३२० एका बाजूला झुकवून आणि थोडा जास्त वेग ठेवून आणलं. वारा मात्र मागून आला. उजवं चाक आधी टेकलं, डावं तब्बल ९ सेकंदांनी. दोन्ही मुख्य चाकांवर भार आल्याशिवाय किंवा चाकं पुरेशा वेगाने फिरल्याशिवाय स्पॉयलर उघडायचे नाहीत, असं विमानाच्या संगणकात ठरलेलं होतं. ते ९ सेकंद विमान धावपट्टीवरून सरकत राहिलं. शेवटी धावपट्टी संपली, विमान पुढच्या मातीच्या बांधावर आदळलं आणि दोन माणसं गेली.

अशी अट कशाला ठेवली, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर ५ जुलै १९७०, टोरंटो. डीसी-८ विमान जमिनीपासून साठेक फुटांवर असताना स्पॉयलर फक्त सज्ज करायचे होते, म्हणजे टेकल्यावर आपोआप उघडतील असे ठेवायचे होते, सहवैमानिकाच्या हातून ते उघडलेच गेले. विमान दाणकन खाली बसलं. एक इंजिन तुटून पडलं. त्यांनी पुन्हा वर घेतलं, पण आगीने पंख गेला. सगळे १०९ गेले. हवेत चुकून उघडू नयेत म्हणून अट, आणि जमिनीवर उशीर होऊ नये म्हणून त्या अटीला मुरड. नंतरच्या ए३२० मध्ये एका बाजूचं चाक टेकलं तरी स्पॉयलर १० अंश उचलतात, दुसरं टेकलं की पूर्ण ५० अंश.

या दोन अपघातांबद्दल मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी एकत्रच बोलायचो. एकातून दुसरा समजतो.

खिडकीजवळची

डावी सीट काका, हे वाचताना अंगावर काटा आला. पण आता त्या फळ्यांची भीती गेली, उलट त्या उघडल्या नाहीत तर भीती वाटेल.

एक विचारू? येताना आकाशातही, खाली उतरायला लागलो तेव्हा, त्यातल्या काही फळ्या थोड्या वर आल्या होत्या आणि विमान थरथरत होतं. तेव्हा तर आम्ही हवेतच होतो.

डावी सीट

ते स्पीडब्रेक. उंची लवकर कमी करायची पण वेग वाढू द्यायचा नाही, तेव्हा तेच स्पॉयलर थोडे उचलतात. ए३२० मध्ये त्या वेळी पाचांपैकी मधले तीनच उठतात. थरथर त्या विस्कटलेल्या हवेची, घाबरण्यासारखं काही नाही. विमान वळताना एकाच बाजूचे थोडे उठलेलेही दिसतील, तेव्हा ते एलेरॉनला मदत करत असतात. पंखाच्या मुळाजवळचा सगळ्यात आतला स्पॉयलर मात्र जमिनीवर आल्यावरच उघडतो.

पंचगंगा

कोल्हापूरला येणाऱ्या एटीआरमध्ये, त्या पंख्यांच्या छोट्या विमानात, मी कधीच फळ्यांची रांग पाहिली नाही. तिला स्पॉयलर नसतात का?

पाना-पक्कड

@पंचगंगा, एटीआर-७२ ला एका पंखावर एकच स्पॉयलर आणि तोही वळण्यापुरता. स्लॅट नाहीतच. पंख सरळ आणि वेग मुळात कमी, त्यामुळे तिला त्यांची गरज पडत नाही. टेकऑफला फ्लॅप १५ अंश, उतरताना ३०. टेकल्यावर पंख्यांची पाती आडवी होतात आणि तीच मोठा ब्रेक लावतात. आवाज एकदम बदलतो बघा, तो त्याचाच. पंख छपरावर असल्याने फ्लॅप खालून दिसतात, चाकंही. माझ्या मते पंख समजून घ्यायला एटीआरची खिडकी सगळ्यात चांगली.

लंडनवारी

मुंबई-लंडन बोईंग ७८७ विमानात उतरताना पंखाच्या आतल्या बाजूचा एक तुकडा सेकंदाला कितीतरी वेळा फडफडत होता. बिघाड वाटला मला.

डावी सीट

बिघाड नाही. तो फ्लॅपेरॉन, फ्लॅप आणि एलेरॉन दोन्हींचं काम करणारा. वाऱ्याचे झटके संगणक ओळखतो आणि आपल्याला हिसका बसायच्या आत तो तुकडा हलवून तो मोडून काढतो. हाताने उडवलेल्या जुन्या विमानात तेवढ्या वाऱ्याला तुम्ही जास्त हलला असता.

शेवगा

टॅक्सी करताना ए३२० मध्ये करवत चालवल्यासारखा, कुणी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो तोही फ्लॅपचाच का?

पाना-पक्कड

नाही. या विमानात हिरवी, पिवळी आणि निळी अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणा आहेत. एकच इंजिन चालू असताना हिरवी आणि पिवळी यांच्या दाबात ५०० पीएसआयहून जास्त फरक पडला की एकीची ताकद दुसरीला देणारा पंप चालू होतो, तो अडखळत चालतो. दाब सारखा झाला की थांबतो.

खिडकीजवळची

काल रात्री आई नागपूरला पोचली. मीही सोबत होते. पुन्हा पंखामागची खिडकी मागून घेतली.

निघण्याआधी दोन दिवस हा धागा तिला मोठ्याने वाचून दाखवला. डेट्रॉइट आणि टोरंटो वगळावेत असं आधी ठरवलं होतं, पण तिनेच विचारलं, "मधे काय गाळलंस?" मग तेही वाचलं. ऐकून ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "ती फळीखाली पट्टी धरणाऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा वाच."

टेकऑफआधी फ्लॅप वाकले तेव्हा तिने मान खिडकीला लावली होती. टोकाचा एलेरॉन खाली झुकलेला तिनेच मला दाखवला, माझ्या लक्षात आला नव्हता. नागपूरच्या जवळ खाली यायला लागलो, पंखावर काहीतरी उठलं आणि विमान थरथरलं. तिने माझा हात धरला नाही. बोटाने मोजलं, "तीन."

मग बाहेर अंधार, पंखावरच्या दिव्याचा उजेड, फ्लॅप पूर्ण खाली. चाकं टेकली तसा धक्का बसला, आणि पुढच्या सीटच्या आवाजातही तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पाच. बसलं विमान."